एका शेअरला दहा मतं

मायक्रोस्ट्रॅटेजी या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीचं नाव घेतलं की समोरच्याचं वय कळतं. हिंजवडीत किंवा मगरपट्ट्यात पंधरा-वीस वर्षांपूर्वी ज्यांनी ‘बीआय’मध्ये उमेदवारी केली, त्यांना रिपोर्ट, मेट्रिक, फिल्टर, प्रॉम्प्ट आठवतात आणि महिनाअखेरीला क्लायंटच्या डेटा वेअरहाउसवर, म्हणजे माहितीच्या कोठारावर, रात्रभर चालणारी भलीमोठी एसक्यूएल, म्हणजे त्या माहितीला विचारलेली प्रश्नावली, आठवते. विशी-पंचविशीतला पुतण्या मात्र लगेच विचारतो, ‘ती बिटकॉइनवाली ना?’ दोघंही बरोबर असतात. फेब्रुवारी २०२५मध्ये कंपनीने नावातला ‘मायक्रो’ टाकून दिला. आता ती नुसती ‘स्ट्रॅटेजी’ आहे, केशरी रंगाची, बोधचिन्हात बिटकॉइनचा ‘बी’ मिरवणारी.

सॉफ्टवेअर विकणारी कंपनी नाणी साठवणारी तिजोरी कशी झाली, ही गोष्ट मी इथे सांगतो आहे ती निव्वळ रंजक म्हणून नाही. आपल्या सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाने, २०१९ साली संस्थापकांना इतरांपेक्षा जास्त मतांचे शेअर ठेवू देणारं एक दार किलकिलं केलंय आणि ते सताड उघडावं अशी मागणी अधूनमधून होत असते. त्या दाराच्या पलीकडे काय असू शकतं, ते या एका कंपनीच्या पस्तीस वर्षांत पाहायला मिळतं.

आधी बीआय म्हणजे काय ते सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला ‘बिझनेस इंटेलिजन्स’ म्हटलं की हेरगिरी वाटते. जुन्या पेढीवर मुनीम असायचा. रोजमेळावरून खतावणी, खतावणीवरून आढावा. कुठल्या गावची उधारी थकली, कुठला माल गोदामात पडून आहे, हे शेठजींनी विचारलं की वही उघडून बोट ठेवायचा. बीआय हा तोच मुनीम, फक्त त्याच्या वहीत नोंदी कोट्यवधी. १९९२ साली मॅकडॉनल्ड्सने मायक्रोस्ट्रॅटेजीला एक कोटी डॉलरचं काम दिलं ते याच मुनीमगिरीचं. आपल्या योजना-सवलतींचा विक्रीवर नेमका काय परिणाम होतो, हे त्यांना कळायला हवं होतं.

कंपनी सुरू झाली ती १९८९ साली. तिचे संस्थापक मायकेल सेलर हे हवाई दलातल्या माणसाचे चिरंजीव. लष्करी शिष्यवृत्तीवर एमआयटीत गेले, विमानशास्त्र शिकले, वैमानिक व्हायचं ठरलेलं होतं, पण वैद्यकीय तपासणीत हृदयाची तक्रार निघाली आणि ते राहिलं. मग संगणकावर व्यवहाराच्या प्रतिकृती बनवायला लागले. ड्यूपाँट या रसायन कंपनीत त्यांनी बाजाराचा अंदाज बांधणारी अशीच एक प्रतिकृती केली. ड्यूपाँटला ती इतकी भावली की त्यांनी कंत्राटही दिलं आणि बसायला जागाही. एमआयटीतलेच मित्र संजू बन्सल जोडीला आले. १९९४मध्ये बिऱ्हाड डेलावेअरहून वॉशिंग्टनजवळ व्हर्जिनियात हललं.

त्यांचं सॉफ्टवेअर चांगलं होतं, हे कबूल करायला हवं. त्या काळी या धंद्यात दोन घराणी होती. एक घराणं आकड्यांची आधीच बेरीज-वजाबाकी करून त्यांचे ‘क्यूब’ रचून ठेवायचं. प्रश्न विचारला की उत्तर झटकन, पण क्यूबमध्ये नसलेला प्रश्न विचारायची सोय नाही. मायक्रोस्ट्रॅटेजी दुसऱ्या घराण्यातली. तिचं इंजिन प्रश्नानुसार स्वतः एसक्यूएल लिहायचं, एका रिपोर्टसाठी पायरीपायरीने तात्पुरती टेबलं बनवायचं आणि थेट मूळ डेटावर जाऊन उत्तर आणायचं. त्यामुळे ज्यांची वेअरहाउसं अजस्र होती, अशा मोठमोठ्या कंपन्यांना ती सोयीची पडली. त्या एसक्यूएलचे पानंच्या पानं प्रिंट काढून मी वाचलेत. एखाद्या बुद्धिमान पण अतिशय बोलघेवड्या माणसाचं पत्र वाचावं तसं वाटायचं.

जून १९९८मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. भाव होता १२ डॉलर. लोकांना विकले ते ‘अ’ वर्गाचे शेअर, एका शेअरला एक मत. संस्थापक आणि सुरुवातीच्या मंडळींकडे राहिले ‘ब’ वर्गाचे, एका शेअरला दहा मतं. नफ्या-तोट्यात दोघांचा वाटा सारखाच, फक्त हात वर करताना एकाचे दहा मोजायचे. तेव्हा कुणी भुवई उंचावली नाही. भाव चढत होता, आणि भाव चढत असताना मतांचा हिशेब कोण करतो?

१० मार्च २००० रोजी शेअर ३३३ डॉलरपर्यंत गेला. सेलर यांनी इंटरनेटवर मोफत विद्यापीठ काढण्यासाठी १० कोटी डॉलर देण्याची घोषणा केली ती त्यानंतर काही दिवसांतच. आणि २० मार्चला, सोमवारी, कंपनीने जाहीर केलं की आपले मागचे हिशेब दुरुस्त करावे लागणार आहेत. त्या एका दिवसात शेअर २२६ डॉलरवरून ८६वर आला. सेलर यांचे कागदावरचे सहा अब्ज डॉलर संध्याकाळपर्यंत गेले.

हिशेबात काय चुकलं होतं? सॉफ्टवेअरच्या धंद्यात विक्री झाली असं नेमकं कधी म्हणायचं, हा मुळातच नाजूक प्रश्न आहे. लायसन्स आज दिलं, पण त्याबरोबर पुढची दोन-तीन वर्षं सेवा द्यायची, काही भाग अजून लिहायचाय, असा करार असेल तर सगळी रक्कम आजच्या तिमाहीत मिळकत म्हणून धरता येत नाही. काम होईल तशी ती थोडी थोडी धरायची असते. मायक्रोस्ट्रॅटेजीने ती आधीच धरली होती. १९९९च्या तिसऱ्या तिमाहीत एनसीआर कंपनीशी झालेल्या मोठ्या देवाणघेवाणीतून तिने पावणेदोन कोटी डॉलरची मिळकत दाखवली. ती वजा केली तर तिमाहीचं चित्र पालटत होतं. अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने नोंदवलेला एक तपशील मला सगळ्यात बोलका वाटतो. ग्राहकाने सही केलेले काही करार कंपनी तिमाही संपेपर्यंत तारीख न घालता बाजूला ठेवायची. तिमाही संपली, आकडे जुळवायला बसले, की मग कुठला करार कुठल्या तिमाहीत घालायचा ते ठरायचं. म्हणजे रोजमेळ आधी आणि व्यवहाराची तारीख नंतर.

दुरुस्तीनंतर १९९९ची मिळकत साडेवीस कोटी डॉलरवरून पंधरा कोटींच्या आसपास आली आणि दाखवलेल्या नफ्याच्या जागी तोटा उभा राहिला. डिसेंबर २०००मध्ये सेलर, बन्सल आणि मुख्य वित्त अधिकारी यांनी कमिशनशी तडजोड केली. आरोप मान्यही केले नाहीत, नाकारलेही नाहीत. प्रत्येकी साडेतीन लाख डॉलर दंड आणि तिघांनी मिळून सुमारे एक कोटी डॉलरची परतफेड. हिशेब तपासणाऱ्या प्राइसवॉटरहाउसकूपर्सने गुंतवणूकदारांच्या दाव्यात साडेपाच कोटी डॉलर देऊन मिटवलं. (नऊ वर्षांनी आपल्याकडे सत्यम कोसळली तेव्हा ताळेबंदावरची लेखापरीक्षकाची सही याच परिवारातल्या प्राइस वॉटरहाउसची होती. पण तुलना तिथेच थांबवावी. सत्यममध्ये नसलेली रोकड दाखवली होती. इथे गिऱ्हाईकं खरी होती, पैसेही बहुतांशी खरे, लबाडी होती ती काळाची.)

या ठिकाणी कुणालाही ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान’ ही म्हण आठवेल. जगाला आकडेशिस्त विकणाऱ्या कंपनीचे स्वतःचेच आकडे चुकले, वगैरे. मला ती म्हण इथे पुरेशी वाटत नाही. कोरडा पाषाण अज्ञानी असतो. या कंपनीत अज्ञान कुठेच नव्हतं. कुठल्या तिमाहीत किती कमी पडतंय हे त्यांना डॉलरपर्यंत ठाऊक होतं, म्हणून तर तारखा रिकाम्या ठेवता आल्या. मुनीम चोख होता. शेठजींना ‘हे असं लिहिता येणार नाही’ म्हणेल, आणि म्हटल्यावर ज्याची नोकरी टिकेल, असं मात्र पेढीवर कुणी नव्हतं.

आणि हे सगळं होऊन बदललं काय? भाव इतका घसरला की २००२ साली दहा शेअरांचा एक शेअर करावा लागला. शेकडो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. सेलर मात्र अध्यक्ष आणि मुख्य कार्यकारी अधिकारी या दोन्ही खुर्च्यांवर तसेच राहिले, पुढची वीसहून अधिक वर्षं. त्यांना काढायचं ठरवलं असतं तरी काढणार कोण? एकाला दहा हा हिशेब तेव्हाही तसाच होता.

दुसरी बाजूही इथेच मांडतो, कारण ती दुबळी नाही. २००७ हे साल या धंद्यात सामुदायिक लग्नाचं होतं. ऑरॅकलने हायपेरियन घेतली, सॅपने बिझनेस ऑब्जेक्ट्स, आयबीएमने कॉग्नॉस. वर्षभरात तीन मोठी नावं दुसऱ्यांच्या घरात गेली. मायक्रोस्ट्रॅटेजी तेवढी स्वतंत्र राहिली, आणि त्याचं एक मोठं कारण तीच दहा मतं. संस्थापकाच्या मनात नसेल तर ती विकली जाणं शक्यच नव्हतं. दुहेरी मतांचे समर्थक नेमकं हेच सांगतात, की बाजाराला तीन महिन्यांपलीकडचं दिसत नाही, संस्थापकाला दहा वर्षांचं दिसतं, त्याच्या हातात सुकाणू राहू द्या. ऐकायला पटतं. प्रश्न एवढाच, की मिळालेल्या दहा वर्षांचं त्याने केलं काय.

तर त्या दहा वर्षांत टॅब्लो ही प्रतिस्पर्धी कंपनी आली. तिने विश्लेषण माउसने ओढून-सोडून करायचा खेळ केला. मग मायक्रोसॉफ्टने पॉवर बीआय इतक्या स्वस्तात आणली की छोट्या कारखान्याचा हिशेबनीसही डॅशबोर्ड बनवायला लागला. मायक्रोस्ट्रॅटेजीची वर्षाची मिळकत २०१४ साली ५८ कोटी डॉलरच्या आसपास होती, ती २०१९पर्यंत ४९ कोटींच्या खाली आली. या काळात सेलर यांचं लक्ष बरंच इकडेतिकडेही होतं. साधे सोपे इंग्रजी शब्द इंटरनेटवरचे पत्ते म्हणून त्यांनी फार आधी विकत घेऊन ठेवले होते. त्यातला ‘व्हॉइस’ हा एक शब्द २०१९मध्ये तीन कोटी डॉलरला विकला गेला. सॉफ्टवेअर विकून जे दमछाक होऊन मिळत होतं, ते एक शब्द विकून मिळालं! पुढे जे घडलं त्याचं बीज मला या सौद्यात दिसतं. पण हा माझा तर्क, पुरावा नाही.

ऑगस्ट २०२०. कंपनीच्या खात्यात पन्नास कोटी डॉलरच्या घरात रोकड पडून होती, व्याजदर शून्याला टेकले होते. सेलर यांनी २५ कोटी डॉलरचे २१,४५४ बिटकॉइन घेतले. हेच सेलर डिसेंबर २०१३मध्ये ट्विटरवर म्हणाले होते की बिटकॉइनचे दिवस भरलेत, ऑनलाइन जुगाराची झाली तीच गत त्याचीही होईल. मत बदलण्याचा हक्क सगळ्यांना आहे, त्याबद्दल तक्रार नाही. त्या वेळी कंपनीतली दोन तृतीयांशांहून जास्त मतं त्यांच्या एकट्याच्या हातात होती, हे मात्र लक्षात ठेवायला हवं.

न्याय म्हणून हेही सांगितलं पाहिजे की कंपनीने नको असलेल्यांसाठी दार उघडलं होतं. ज्यांना ही वाट मान्य नाही त्यांचे शेअर १४० डॉलरपर्यंतच्या भावाने परत घ्यायची तयारी दाखवली, आणि त्यासाठीही २५ कोटी डॉलर राखून ठेवले. फार थोडे लोक गेले. उरलेल्या रकमेतून सप्टेंबरमध्ये आणखी बिटकॉइन आले. म्हणजे फसवून कुणाला आत ठेवलं असं म्हणता येत नाही. पण ‘पटत नसेल तर जा’ आणि ‘पटतंय का ते मतदानाने ठरवू’ या दोन गोष्टींत फरक आहे. एकत्र कुटुंबात करता-पुरुष शेत विकून घोडा घेतो आणि नाराज भावाला वाटणी घेऊन वेगळं व्हायला सांगतो, तसं काहीसं हे झालं. वाटणी नियमाने मिळते. शेत मात्र गेलेलं असतं.

घोडा धावला, आणि तुफान धावला. रोकड संपल्यावर कंपनीने कर्जरोखे काढले, नवे शेअर काढले, आणि त्या पैशाने पुन्हा बिटकॉइन. २०२४ संपताना तिच्याकडे ४,४७,४७० बिटकॉइन होते. २००२ साली दहाचा एक केलेला शेअर ऑगस्ट २०२४मध्ये एकाचे दहा करावा लागला. डिसेंबरमध्ये ती नॅस्डॅक-१०० या, अमेरिकी नॅस्डॅक बाजारातल्या बड्या कंपन्यांच्या निर्देशांकात दाखल झाली. हे आपल्याशी अगदीच असंबंधित नाही. मुंबईतल्या फंड कंपन्या नॅस्डॅक-१००वर चालणाऱ्या योजना विकतात. ‘अमेरिकन टेक्नॉलॉजीत थोडे पैसे असू देत’ म्हणून डोंबिवलीच्या एखाद्या गृहस्थाने मासिक हप्ता लावला असेल, तर त्यातला कणभर बिटकॉइनकडे जातो, आणि हे त्याने ठरवलेलं नसतं.

मधल्या काळात काय झालं हे चढत्या आलेखात झाकून जातं. २०२२च्या दुसऱ्या तिमाहीत, बिटकॉइन कोसळल्यावर, कंपनीला ९१ कोटी डॉलरहून जास्त रक्कम हिशेबातून खाली लिहावी लागली. ज्या कंपनीची वर्षाची सॉफ्टवेअर विक्री ५० कोटींची, तिचा तीन महिन्यांचा एवढा खड्डा. ऑगस्टमध्ये सेलर यांनी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची खुर्ची फॉन्ग ले यांच्याकडे दिली, स्वतः कार्यकारी अध्यक्ष राहिले. त्याआधी कंपनी आपल्या निकालांत बिटकॉइनची घट वगळून ‘सुधारित’ आकडेही द्यायची. सिक्युरिटीज कमिशनने ते बंद करायला सांगितलं. वीस वर्षांनी पुन्हा तोच प्रश्न आणि तीच पेढी: कुठला आकडा मोजायचा आणि कुठला बाजूला ठेवायचा.

‘पण ते बरोबर ठरले ना?’ हा प्रश्न मला पुतण्याने विचारला आणि पुष्कळ जण विचारतात. २०२०मध्ये थांबलेल्यांचे पैसे कितीतरी पट झाले, हे खरंच आहे. माझं म्हणणं असं, की घोडा जिंकला म्हणून शेत विकायची पद्धत बरोबर ठरत नाही. १९९९मध्येही ते बरोबर ठरत होते, अगदी १० मार्च २०००च्या दुपारपर्यंत. दोन्ही वेळा निर्णयाची रचना एकच होती: एका माणसाची खात्री, आणि तिला अडवण्याची ताकद नसलेलं संचालक मंडळ. पहिल्यांदा तोटा झाला, दुसऱ्यांदा फायदा. रचनेने दोन्ही वेळी आपलं काम केलं नाही. गंमत अशी की आता नवे शेअर इतके निघालेत की सेलर यांची मतं निम्म्याहून खाली आली आहेत. जानेवारी २०२५मध्ये ‘अ’ वर्गाच्या शेअरांची मर्यादा ३३ कोटींवरून थेट १,०३३ कोटींवर नेण्याचा ठराव झाला तेव्हाही ती निम्म्याच्या आसपास होती. बाजूने पडली सुमारे ५६ टक्के. त्यात सेलर सोडून बाकीच्यांची किती, ही वजाबाकी मुनीमाने करायला हरकत नाही.

आता आपल्याकडे. भारतात शेअर आणि मत यांची फारकत नवी नाही. मुंबईच्या टाटा मोटर्सने २००८ साली उलटा प्रयोग केला होता. मत एक दशांश, लाभांश थोडा जास्त, असे वेगळे शेअर काढले. बाजाराने ते कायम स्वस्तात मोजले आणि २०२४मध्ये कंपनीने ते रद्द करून त्यांच्या बदल्यात साधे शेअर दिले. तिथे निदान कमी मत घेणाऱ्याला थोडा जास्त लाभांश तरी मिळत होता.

२०१९ साली सेबीने तंत्रज्ञान कंपन्यांच्या संस्थापकांना जास्त मतांचे शेअर ठेवून बाजारात येण्याची मुभा दिली. कमाल मर्यादा तीच, एकाला दहा. पण सोबत दोन कुलपं घातली. पहिलं मुदतीचं. बाजारात आल्यापासून पाच वर्षांनी हे शेअर साधे होतात; भागधारकांच्या ठरावाने आणखी एकदा पाच वर्षं वाढवता येतात, तिथे संपलं. दुसरं कुलूप फारसं चर्चेत येत नाही. काही ठरावांपुरती या शेअरांची दहा मतं गोठतात आणि त्यांनाही एकाला एकच मत उरतं. लेखापरीक्षक आणि स्वतंत्र संचालक नेमणं-काढणं, संस्थापकाशीच होणारे व्यवहार, कंपनीच्या घटनापत्रातले बहुतेक बदल, आणि व्यवसायाबाहेरच्या कामासाठी पैसा वापरणं, ही सगळी कामं त्या यादीत आहेत.

ही यादी आणि मायक्रोस्ट्रॅटेजीचा इतिहास शेजारी ठेवून पाहा. २०००चं संकट लेखापरीक्षकाच्या कलमाशी येऊन थांबतं, २०२०चा निर्णय पैशाच्या वापराच्या कलमाशी. सॉफ्टवेअर कंपनीने आपल्या रोकडीचे बिटकॉइन घेणं हा व्यवसाय की व्यवसायाबाहेरचं, यावर वकील नक्कीच भांडतील. ‘आमचा धंदाच आता हा आहे’ असं म्हणून घटनापत्र बदलायचं ठरवलं, तर तो बदलही त्याच यादीत, एकाला एकच मत. बदलायला बंदी कुठेच नाही. सगळ्यांना विचारून बदला, एवढंच.

संस्थापकांच्या बाजूने बोलणारे म्हणतात की हे नियम जाचक आहेत, पाच वर्षं फार थोडी आहेत, कंपन्या परदेशात जाऊन नोंदणी करतील. २०२१मध्ये सेबीने एक पाऊल मागे घेतलंही. या सवलतीसाठी संस्थापकाची मालमत्ता ५०० कोटींपेक्षा जास्त नसावी अशी अट होती, ती १,००० कोटींवर नेली. त्याला माझा विरोध नाही. श्रीमंत संस्थापक गरिबापेक्षा अधिक धोकादायक असतो असं कुणी सिद्ध केलेलं नाही. मुदतीला आणि त्या यादीला मात्र हात लागता कामा नये. व्हर्जिनियातल्या पेढीला अशी मुदत असती, तर १९९८चे दहा-मतांचे शेअर जास्तीत जास्त २००८मध्ये साधे झाले असते. म्हणजे कॉग्नॉस आणि बिझनेस ऑब्जेक्ट्स विकल्या गेल्या त्या लाटेतून तरून जाण्याएवढी सवड संस्थापकाला मिळाली असती, आणि बिटकॉइनच्या वेळी त्याला इतरांची मतं मागायला जावं लागलं असतं. कदाचित ती मिळालीही असती. सेलर बोलायला पक्के आहेत.